जुन्या पिकअपचं नाक खाली बसलंय, टॉर्शन बार आवळून पुढची उंची वाढवावी का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एक जुनी डबल कॅब, फोर बाय फोर पिकअप आहे. पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी), मागे पाटे (लीफ स्प्रिंग). रिकामी उभी असली की नाक खाली आणि शेपूट वर. थोडा उतार मुळातच दिलेला असतो हे माहीत आहे. हौद्यात माल पडला की मागचं बसतं आणि गाडी सपाट होते. पण आता हा उतार जरा जास्तच दिसतोय, आणि त्यातही डावी बाजू उजवीपेक्षा खाली आहे.

मापं घेतली आहेत. जमिनीपासून न घेता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घेतली, म्हणजे टायरची हवा आणि झीज मध्ये येत नाही.

पुढे डावीकडे ४६५ मिमी, उजवीकडे ४८० मिमी
मागे डावीकडे ५४४ मिमी, उजवीकडे ५४६ मिमी

मोठे टायर घालायचे नाहीत, उंच गाडी मिरवायची हौसही नाही. कच्च्या रस्त्यावर जरा खोल खड्डा आला की पुढून डावीकडे 'धाड' करून आवाज येतो. तो थांबावा आणि गाडी बऱ्यापैकी सरळ उभी राहावी, एवढंच. अधूनमधून भरपूर माल नेतो, त्यामुळे मागची बाजू खाली आणायची नाही.

खिसा तसा रिकामाच आहे. वाचून आणि विचारून तीन मतं गोळा झाली. एक म्हणतो, ॲडजस्टरचा (बारचं टोक फिरवणारा) बोल्ट आवळ, फुकटात काम होतं. दुसरा म्हणतो तसं केलंस तर गाडी दगडासारखी कडक होईल, त्यापेक्षा बदललेल्या खाचांच्या टॉर्शन की विकत घे. तिसरा म्हणतो बार म्हातारे झालेत, नवेच टाक. यातलं खरं काय? आणि किती मिमीपर्यंत उचलणं सुरक्षित? आगाऊ धन्यवाद.

रिकामा_हौदा:
मागे ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ब्लॉक असेल तर तो काढा किंवा पातळ टाका. गाडी सपाट, विषय संपला.

धागाकर्ता:
माल नेतो असं वर लिहिलंय की राव. मागचं खाली आणलं तर भरल्यावर बंपर रस्ता झाडत जाईल.

ग्रीसगन:
आधी एक गैरसमज दूर करू. पुढचे ४८० आणि मागचे ५४५ यांची तुलना करू नका. मडगार्डची कमान पुढे-मागे वेगळी कापलेली असते, त्यामुळे हे आकडे सारखे आले म्हणजे गाडी सपाट झाली असं होत नाही. सपाट जागेवर उभी करून दाराखालच्या पट्टीला किंवा चासीच्या सरळ भागाला गवंड्याची लेव्हल लावा. खरा उतार तिथे कळेल. तुमची मापं डावं-उजवं ताडून बघायला उत्तम आहेत, आणि तिथला १५ मिमीचा फरक खराच आहे.

आता बोल्ट की टॉर्शन की? दोन्हींत काम एकच होतं. बारचं मागचं टोक एका छोट्या आर्ममध्ये (हीच टॉर्शन की) बसलेलं असतं आणि बोल्ट त्या आर्मला ढकलतो. बोल्ट आवळला की बारची बैठक फिरते आणि चाकाकडचा आर्म (चाकाला धरून वर-खाली हलणारा दांडा) खाली ढकलला जातो, म्हणजे गाडी वर येते. विकतच्या कीमध्ये खाचा थोड्या फिरवून कापलेल्या असतात, त्यामुळे बोल्ट कमी आवळूनही तीच उंची मिळते. कीने गाडी मऊ राहते हा निव्वळ प्रचार आहे. बोल्टला आटे शिल्लक असतील तर की विकत घ्यायचं कारणच नाही.

बोल्ट आवळल्याने बारचा कडकपणाही वाढत नाही. तो बारच्या जाडीवर, लांबीवर आणि पोलादावर ठरतो. मग गाडी कडक का वाटते? कारण उंची वाढली की आर्म खाली यायला जागा उरत नाही. चाक खड्ड्यात उतरताना वरचा आर्म रिबाउंड स्टॉपला (आर्म फार खाली जाऊ नये म्हणून असलेल्या अडथळ्याला) टेकतो आणि हिसका बसतो. गाडी चाकांवर उभी असताना त्या फटीत बोट जात नसेल तर तुम्ही जास्त उचललंय. माझ्या मते मूळ उंचीपेक्षा २५ ते ४० मिमी ही मर्यादा. त्यापुढे फोर बाय फोरमध्ये पुढच्या सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या वळत्या सांध्याचा) कोन वाढतो, त्यावरचे रबरी बूट फाटतात, ग्रीस उडतं, आणि मग वाचवलेले पैसे व्याजासकट जातात.

पण हे सगळं करण्याआधी गाडीखाली जाऊन बघा, नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायचं. डाव्या बाजूचं बंप स्टॉपचं रबर (चाक फार वर आलं की आर्म ज्यावर टेकतो ते) जागेवर आहे का? दोन्ही बोल्ट किती आत गेलेत? बार ज्या क्रॉसमेंबरवर (चासीच्या आडव्या पट्टीवर) टेकतात त्याला गंज आहे का? गंज असेल तर बोल्टला हात लावू नका, आधी ते दुरुस्त करा.

धागाकर्ता (गाडीखाली जाऊन आल्यावर):
ग्रीसगन, तुम्ही म्हणालात तसंच निघालं! डावीकडचं बंप स्टॉपचं रबर जवळपास संपलंय, खाली नुसता पत्रा उरलाय. 'धाड' तिथलाच दिसतोय. आणि उजवा बोल्ट डाव्यापेक्षा चांगला बोटभर आत आहे. आधीच्या कोणीतरी एकच बाजू आवळून सोडलेली असावी. क्रॉसमेंबर वरवर गंजलाय, स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिला, घट्ट आहे. खालच्या आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) मात्र तडकलेत. शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) ओले आहेत, तेल गळतंय.

दोनपाना:
म्हणजे पैसे कुठे घालायचे हे गाडीनेच सांगितलं. बंप स्टॉप, बुश, शॉकअप, आणि शेवटी चाकांची अलाइनमेंट. नवे बार नकोत.

बोल्ट फिरवताना जपा. बारमध्ये प्रचंड ताण असतो. चासीला जॅक लावून दोन्ही पुढची चाकं हवेत घ्या आणि चासीखाली स्टँड ठेवा, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. चाकं लटकली की ताण बराच उतरतो, पण पूर्ण नाही. त्यामुळे बार किंवा की काढायची वेळ आली तर योग्य पुलर (ताण धरून ठेवणारं अवजार) नसताना हात घालू नका. बार काढलेच तर डावा डावीकडेच गेला पाहिजे, ते एकाच दिशेने पिळायला तयार केलेले असतात आणि टोकावर खूण असते. तुम्हाला ते लागणारही नाही. आट्यांवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच सोडा, तारेच्या ब्रशने साफ करा, ग्रीस लावा, मगच पाना. कोरडा गंजलेला बोल्ट जबरदस्तीने फिरवलात तर आटे जातील.

धागाकर्ता:
आधी डावी बाजू ४८० ला आणू का? आणि मग दोन्ही किती?

ग्रीसगन:
आधी डावी, पण एका दमात नको. एक कोपरा उचलला की बाकीच्या कोपऱ्यांवरचं वजन बदलतं, उजवी बाजूही थोडी हलते. थोडं फिरवा, खाली उतरवा, गाडी पुढे-मागे काही मीटर ढकला म्हणजे टायर आणि आर्म आपल्या जागी बसतात, मग मोजा. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी नेहमी खोटं माप दाखवते. किती फेरे दिले ते खडूने चासीवर लिहून ठेवा.

दोन्ही ४८० झाल्या की काही दिवस चालवा. नवं रबर आणि नवे शॉकअप आल्यावर बहुतेक तुमची तक्रारच राहणार नाही. तरी हवंच असेल तर दोन्हीकडे आणखी १५ ते २० मिमी, म्हणजे पाचशेच्या आत थांबा. थोडा उतार ठेवाच. पूर्ण सपाट केलीत तर माल भरल्यावर नाक आभाळाकडे जाईल, स्टिअरिंग हलकं पडेल आणि समोरच्याच्या डोळ्यात दिवे जातील.

दोनपाना:
बुशबद्दल एक राहिलं. चाकं लटकत असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळू नका. रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली उतरली की पिळवटतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, मग शेवटचा पाना मारा. उंचीचं काम आधी उरका, बुशचा शेवटचा पाना त्यानंतर. उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा समोरून दिसणारा कल) आणि टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर कल) दोन्ही बदलतात, म्हणून अलाइनमेंट अगदी शेवटी करा. तिथे गेल्यावर दिव्यांचा कोनही बघून घ्या.