क्रेम मनात घर करतो, ताशच्या वेळी गडबड होते. असं का?

गडवाट
रविवारी कर्वेनगरला मित्राच्या फ्लॅटवर यावरून आमची चांगलीच जुंपली. अजून डोक्यातून जात नाही म्हणून इथे मांडतो. विषय 'ड्रॅगन एज' या व्हिडिओगेम मालिकेतली दोन पात्रं.

२०१४च्या 'इन्क्विझिशन'मधला क्रेम ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मतः मुलगी ठरवलेला पण पुरुष असलेला. टेव्हिंटर साम्राज्याचं सैन्य सोडून पळालेला, आता एका भाडोत्री तुकडीचा उपनायक. एका खानावळीत त्याचा जीव जाणार होता तेव्हा त्या तुकडीचा नायक आयर्न बुल मध्ये पडला आणि स्वतःचा एक डोळा गमावून बसला. बुलच्या कुनारी लोकांत अशा माणसासाठी 'अकून-अथलोक' हा शब्द आहे, आणि बुलच्या लेखी क्रेम पुरुषच. विषय तिथे संपतो. पुढे एका मोहिमेत कुनारींशी तह की बुलची तुकडी, असं निवडावं लागतं. तह निवडला तर क्रेम मरतो. मी पहिल्यांदा तह निवडला, आणि नंतर कंट्रोलर ठेवून बराच वेळ बाल्कनीत उभा राहिलो.

आता २०२४च्या 'द व्हेलगार्ड'मधलं ताश. ड्रॅगनची शिकार करतं, कडक आईच्या हाताखाली वाढलेलं. जेवताना आईला, शाथानला, सांगतं की मी नॉन-बायनरी आहे, म्हणजे ना बाई ना पुरुष. या जगाला स्वतःची भाषा होती, तरी आपल्याकडचा शब्द उचलून तिथे ठेवला. एका प्रसंगात मालिकेतली जुनी चाचेबाई इझाबेला ताशबद्दल चुकीचं सर्वनाम वापरते आणि लगेच जमिनीवर हात टेकून जोर काढते. मला तो प्रसंग वाटला नाही, माफी कशी मागावी याचा पाठ वाटला.

माझं म्हणणं एवढंच की आधी नातं दाखवा. ते पटलं की शब्दाची गरज उरत नाही.

लोहारआळी
मी एक पाऊल पुढे जातो. मला हे काहीच नको आहे. हिंजवडीहून घरी पोचायला दीड तास लागतो, त्यानंतर उरलेल्या दोन तासांत मला दुसऱ्या जगात जायचं असतं. तिथेही आपल्याच जगातले वाद समोर आले की मन उडतं. मी एकटा नाही. जानेवारी २०२५मध्ये खेळ काढणाऱ्या कंपनीनेच सांगितलं की त्या तिमाहीत सुमारे १५ लाख लोकांनी 'व्हेलगार्ड' खेळला, अपेक्षेपेक्षा जवळपास ५० टक्क्यांनी कमी. बाहेरून कोणीतरी लादलं की असं होतं.

पर्वतीपायथा
लादलं कोणी? क्रेम आणि ताश दोन्ही एकाच लेखणीतून आलेत, ट्रिक वीक्स यांच्या. ते स्वतः नॉन-बायनरी आहेत. दहा वर्षांनी लेखकाने स्वतःच्या जवळचं लिहिलं, त्याला लादणं म्हणत नाहीत. क्रेमला आवाज जेनिफर हेल या बाईंचा होता, ताशला जिन मेली यांचा, आणि तेही नॉन-बायनरी. मला तर ही सुधारणा वाटते.

खपाचं म्हणाल, तर २०२३च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये शरीर, आवाज आणि ओळख वेगवेगळी निवडता येते. त्यातल्या शॅडोहार्ट या सोबतीणीची जुनी मैत्रीण नॉक्टर्न ट्रान्स बाई आहे. त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. तेव्हा 'व्हेलगार्ड'च्या आकड्यांचं खापर एकट्या ताशवर फोडू नका.

आणि दुसरं जग म्हणजे काय हो? उद्योगपर्वातला शिखंडी आठवा. दशार्णाच्या राजाच्या मुलीशी लग्न होतं, नवरा जन्माने मुलगी आहे हे तिला कळतं, सासरा द्रुपदावर चालून यायला निघतो. शिखंडी जीव द्यायला रानात जातो आणि तिथे एक यक्ष त्याला आपलं पुरुषत्व देतो. लग्न, सासर, बापाची अब्रू, सगळी नातीच आहेत. हे वाद त्या जगातही होते.

मुळाकाठ
थोडं वेगळं मांडते. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये तुमचं पात्र कोणीही असो, जवळपास सगळे सोबती तुमच्या प्रेमात पडू शकतात. मोकळेपणा आहे, पण त्यात सोबत्याचं स्वतःचं काही उरत नाही. 'इन्क्विझिशन'मधल्या सोबत्यांपैकी डोरियन बाईला नकार देतो, सेरा पुरुषाला. त्या नकारामुळे ती माणसं वाटतात. क्रेमशी मात्र कोणालाच प्रेम जुळवता येत नाही. त्याच खेळाच्या २०१५च्या 'ट्रेसपासर' या पुरवणीत गाणाऱ्या मेरिडेनशी त्याचं जुळतं, तेही कडेकडेने. ट्रान्स पात्राला मित्र, लढवय्या, हुतात्मा होऊ देतात, प्रियकर होऊ देत नाहीत. ताशशी प्रेम करता येतं, आणि तुम्ही केलं नाहीत तर हार्डिंग या सोबतीणीशी जुळू शकतं. लेखन अवघडलेलं असेल, पण ताशला कोणीतरी हवं असतं आणि ताश कोणालातरी हवं असतं. मला हे फार मोठं वाटतं.

निळीशाई
मी ट्रान्स पुरुष आहे, वय २६, पुण्यातच राहतो.

इंग्रजीत 'आय वेंट' म्हटलं की काही कळत नाही. मराठीत 'गेलो' की 'गेले' हे तोंड उघडताच ठरतं. घरी मी दोन वर्षं वाक्यं शोधून बोललो. मला भूक लागलीय. मी दार उघडलं. मी चहा केला. मी येईन. यात मी कोण ते कळत नाही. 'मी दमलो' कधीच म्हणायचं नाही, 'थकवा आलाय' म्हणायचं.

गेल्या वर्षी डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळात मी रेंजर, म्हणजे रानात वावरणारा लढवय्या, हे पुरुष पात्र घेतलं. गोष्ट सांगून खेळ चालवणारा मास्टर माझा कॉलेजपासूनचा मित्र. तो म्हणाला, "तू गुहेत शिरलास." शिरलास! आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्याशी असं बोललं. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. खेळ संपला, जिना उतरताना तोच मित्र म्हणाला, "पुढच्या रविवारी येतेस ना?"

गडवाट, नातं होतंच. सात वर्षांचं होतं. तरी शब्द लागला. मी त्याला खालच्या पार्किंगमध्ये थांबवलं आणि सांगितलं, ताशइतकंच अवघडून, पाठ केल्यासारखं. नाटकी वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, "पोचलास का?"

क्रेमनेही कधीतरी बुलला सांगितलंच असेल. तो प्रसंग खेळात नाही, म्हणून तुम्हाला ते नातं आयतं मिळालं. शिवाय खेळाडूला क्रेमला खोदून प्रश्न विचारता येतात आणि तो शांतपणे उत्तरं देतो. मला ते खेळवेना. ताश चिडतं, तुटक बोलतं, आईला दुखावतं. आमच्या घरी जेवताना असंच झालं होतं.

लोहारआळी
तुमचं वाचून वाईट वाटलं. तरी खेळाबद्दल माझं मत तेच आहे. लेखन चांगलं असतं तर मी एवढा वैतागलो नसतो. २०१६च्या 'सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर' या खेळात मिझेना या ट्रान्स बाईला तिच्या नावाबद्दल विचारलं की ती चार वाक्यांत जन्मकथा सांगून मोकळी होते. अशाने माझ्यासारखे आणखी दूर जातात.

निळीशाई
मिझेनाबद्दल मान्य. तिला चार वाक्यं दिली हीच चूक, चाळीस द्यायला हवी होती.

गडवाट
पार्किंगचा प्रसंग वाचून माझं 'शब्दाची गरज उरत नाही' हे वाक्य मी मागे घेतो. पण एक तक्रार ठेवतो. ताशने आईच्या कुनारी लोकांचं वळण घ्यावं की जिथे वाढलं त्या रिव्हेन देशाचं, हे शेवटी खेळाडूकडून ठरवून घेतात. दोन खणांत न बसणाऱ्या माणसाला पुन्हा दोनच खण, आणि निवडणारे आपण! यावर पर्वतीपायथा काय म्हणतील?

पर्वतीपायथा
यावर माझ्याकडे उत्तर नाही. मलाही तिथे थांबावंसं वाटलं होतं.

निळीशाई
मी तिथे खेळ बंद केला होता. महिन्याने पुन्हा सुरू केला, ताशची आई मरते तिथपर्यंत गेलो. आता ताशचे संवाद मराठीत करतोय. ताशच्या तोंडी एकही 'गेलो' किंवा 'गेले' येऊ द्यायचं नाही, असं ठरवलंय. बावीस ओळी झाल्या. 'मी घाबरलोय'पाशी अडलोय.

मुळाकाठ
'मला भीती वाटतेय.'

निळीशाई
हो. तेच लिहितो.