गहू सोडून चौदा महिने झाले, पोट अजून ऐकत नाही

अर्धीभाकर_नाही
वय 41. गेल्या वर्षी बायोप्सी (आतड्याचा तुकडा काढून तपासणी) होऊन सिलिॲक निघाला, म्हणजे गहू, बार्ली, राय या धान्यांतलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करतं तो आजार. त्या दिवसापासून गहू, बार्ली, राय बंद. टीटीजी (रक्तातली या आजाराची अँटीबॉडी) 200च्या वर होता, आता 18 आहे (लॅबची मर्यादा 10). तरी आठवड्यातून तीन-चार दिवस जुलाब, दुपारी चारनंतर अंगात त्राण नाही, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी, 9. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नक्की काहीतरी खाताय." चोरी पकडल्यासारखं वाटलं हो. पाकिटं वाचून वाचून डोळे गेले माझे. घरातले बाकी तिघं गहू खातात, पण माझा स्वयंपाक मी वेगळा करते. अजून काय करू?

जुना_रुग्ण
अकरा वर्षं झाली मला. डॉक्टरांची बोलण्याची पद्धत चुकली, पण 18 हा आकडा अजून नॉर्मल नाही. 200वरून उतरतोय ही चांगली गोष्ट. तरी कुठूनतरी थोडं पोटात जातंय, हा संशय आधी फेडा. पथ्य पाळूनही त्रास न थांबण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं, आणि त्यात तुमची लबाडी नसते. रोज फक्त 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं तरी आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला होता. 50 मिलिग्रॅम म्हणजे ब्रेडच्या स्लाइसचा चिमटीत मावणारा तुकडा!

माझा चोर 'माल्ट' होता. पाकिटावर गव्हाचं नाव नव्हतं म्हणून मी निर्धास्त. माल्ट बहुधा बार्लीचंच असतं हे दोन वर्षांनी कळलं. ओट्स खात असाल तर तेही काही महिने बंद करून बघा. साध्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ सर्रास असते, आणि थोड्या जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. रोजच्या गोळ्यांमध्ये स्टार्च कशाचा आहे तेही विचारा. आणि पीठ चाळायची चाळणी कोणाची?

दुसरं_दुखणं
माझं उलट झालं. टीटीजी नॉर्मल, पथ्य काटेकोर, जुलाब तसेच. आहारतज्ज्ञांनी डायरीतली ओळ न् ओळ तपासली, काही सापडेना. शेवटी दोन गोष्टी निघाल्या. एक, दुधातलं लॅक्टोज पचत नव्हतं. दुसरी, मायक्रोस्कोपिक कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज. यात कोलोनोस्कोपीत मोठं आतडं डोळ्यांना ठणठणीत दिसतं, तुकडे घेऊन तपासले तरच कळतं. माझ्या पहिल्या वेळी तुकडे घेतलेच नव्हते, सहा महिने वाया गेले. मग ब्युडेसोनाइडने (सूज कमी करणारं स्टेरॉइड) तीन आठवड्यांत फरक पडला.

स्वादुपिंड कमी पडतंय का ते शौचातल्या इलास्टेजवरून (स्वादुपिंडातलं पाचक एन्झाइम) कळतं. लहान आतड्यात जंतू वाढलेत का, थायरॉइड कसा आहे, हेही विचारा. सिलिॲक सापडला म्हणून पोटाची बाकीची दुखणी रजेवर जात नाहीत.

रात्रीचा_वाचक
एक विनंती. 'रिफ्रॅक्टरी सिलिॲक' (पथ्याला दाद न देणारा सिलिॲक) रात्री एकट्याने शोधत बसू नका, मी बसलो होतो. वर्षभर कडक पथ्य, बाकी सगळी कारणं बाद, आणि तरी बायोप्सीत अस्तर खराब, तेव्हाच तो विचार करतात. तो दुर्मीळ आहे. त्यातला दुसरा प्रकार मात्र गंभीर, लिम्फोमाचा (एक प्रकारचा कर्करोग) धोका असलेला. म्हणून वजन उतरत असेल किंवा ताप येत असेल तर थांबू नका. एरवी मोठ्या माणसांचं अस्तर भरून यायला दोन वर्षं किंवा जास्तही लागतात. टीटीजी नॉर्मल झाला म्हणजे अस्तर भरलंच असंही नाही. पुन्हा एंडोस्कोपीचं विचारा.

अर्धीभाकर_नाही
चाळणी एकच आहे. चौदा महिने भांडी वेगळी, चमचे वेगळे, आणि पीठ सगळ्यांचं त्याच चाळणीतून! तिच्या जाळीत पांढरं काय अडकलंय ते आत्ता उजेडात धरून पाहिलं. नवी आणते. वजन स्थिर आहे, ताप नाही. सहा आठवड्यांनी टीटीजी परत करायला सांगितलाय, तेव्हा इलास्टेज आणि एंडोस्कोपीचंही विचारते. @दुसरं_दुखणं, दूध कायमचं सुटलं का?

दुसरं_दुखणं
नाही. दूध पचवणारं एन्झाइम त्या अस्तराच्या टोकांवरच तयार होतं. अस्तर भरलं तसं माझं दूध नऊ-दहा महिन्यांत हळूहळू परत आलं. पण चाळणी आणि दूध एकाच आठवड्यात बदलू नका, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही.