लग्नातील डीजेच्या आवाजाबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात आता डीजेशिवाय वरात निघत नाही, आणि ती मारुतीच्या पारापाशी थांबली की भिंतीएवढ्या स्पीकरसमोर लहान मुले तासभर नाचत राहतात. मांडवातही तोच आवाज असतो. ज्या भेटीगाठींसाठी सोयरे भर उन्हात दूरवरून येतात त्याच होत नाहीत. पंगतीत शेजारी बसलेल्यांना बोलता येत नाही आणि म्हातारी माणसे अक्षता टाकून घरी निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते.

कानांची काळजी त्याहून मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तरी चालतो, मात्र 100 डेसिबलचा केवळ 20 मिनिटे; आणि अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. परंतु आमच्याकडे वराती दिवसा निघतात, आणि तक्रार करावी तर नवरदेवाचा बाप आपल्याच भावकीतला असतो.

आपल्यापैकी कोणाच्या ग्रामसभेने याविषयी ठराव केला आहे का? त्यातील शब्दरचना कशी होती, आणि वऱ्हाडी तरुणांनी तो मानावा म्हणून आधी कोणाशी बोलावे लागले? मोबाइलवरील आवाजमापक कितपत भरवशाचे असतात, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.