मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ राहिली तर?

मेकोसाबागचा रंगारी:
सर्वांना सलाम. मी नागपुरात घरांच्या रंगकामाचे ठेके घेतो. हाताखाली पाच माणसं. दोन नेहमीची, बाकीची सकाळी मजुरांच्या ठिय्यावरून घेतो.

गेल्या शनिवारी एका बंगल्याचं काम आटोपलं. मालक म्हणाले, बिल पुढच्या महिन्यात. मी माणसांना म्हटलं, मंगळवारी बघू. चौघं गेले. पाचवा, वयानं माझ्या वडिलांएवढा, फाटकापाशी थांबला. रॉकेलच्या चिंधीनं ऑइल पेंटचं एकेक बोट पुसत म्हणाला, "भाऊ, दोनशे तरी द्या न. सिलिंडर संपलं." खिशात पैसे होते, पण ते दशांशाचे, म्हणजे कमाईतला देवाचा दहावा भाग, म्हणून पाकिटात वेगळे काढलेले. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये उपासनेत ते पाकीट दानाच्या थैलीत टाकलं, थैली पुढच्या बाकाकडे गेली आणि मला त्याची ती बोटं दिसली. उपदेश काय झाला ते आठवत नाही.

घरी येऊन बायबलमधलं लेवीय १९:१३ काढलं. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवायची नाही. अनुवाद या पुस्तकात २४:१५ मध्ये तर सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलं आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिकडे लागलेला असतो. चोरी, खोटी साक्ष यांपासून मी दूर आहे असं समजत होतो. ही आज्ञा मी जवळजवळ दर आठवड्याला मोडतो.

काही जण सांगतात, आपण कृपेखाली आहोत, नियमशास्त्राखाली, म्हणजे जुन्या करारातल्या आज्ञांखाली, नाही. मग ही आज्ञा आज माझ्यावर आहे का? असेल तर मालकच पैसे थकवतो तेव्हा ती पाळायची कशी? चार दिवस हाच विचार करून राहिलो आहे.

निवृत्त शिक्षक, सदर:
पाळल्यानं तारण मिळत नाही, हे खरं. इफिस २:८-९ तेच सांगतं. पण तिथंच थांबू नका, दहावं वचनही वाचा: सत्कृत्यांसाठीच आपली घडण झाली आहे. आणि हा विषय जुन्या करारापुरता नाही. नव्या करारात याकोब ५:४ मध्ये शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरीच ओरडते आहे. मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा दाखला काढा. बाजारात काम मिळेल म्हणून उभी असलेली ती माणसं म्हणजे आपला ठिय्याच. संध्याकाळ झाली तसं धनी कारभाऱ्याला म्हणतो, कामकऱ्यांना बोलाव आणि मजुरी दे. त्याच दिवशी.

रंगाऱ्याची मुलगी:
माझे बाबा हेच काम करायचे. शनिवारी त्यांच्या सायकलची घंटी ऐकू आली की आई मला पिशवी घेऊन दुकानात धाडायची. त्याआधी चूल पेटत नसे. ठेकेदाराकडे खरंच पैसे नसले तर बाबा समजून घ्यायचे. "मंगळवारी बघू" म्हणणारा मंगळवारी भेटायचा नाही, ते त्यांना लागायचं. होय तर होय, नाही तर नाही, ही आज्ञाही दादा तुमच्यावर आहे.

दशांश सोडायला प्रभूनं सांगितलेलं नाही. मत्तय २३:२३ मध्ये न्याय आणि दयाही करा, दशांशही सोडू नका, असं आहे. पण मत्तय ५:२४ मध्ये अर्पण वेदीपुढे तसंच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय. तुम्हाला अजून जाता येतं.

ठेकेदार, कामठी रोड:
भाऊ, काम धरतानाच बोलायचं: सामान तुमचं, मजुरी दर शनिवारी, माझा नफा शेवटी. नफा थांबू शकतो, त्यांचं पोट नाही. या अटीपायी माझी दोन कामं हातची गेली आणि तो पावसाळा फार कठीण गेला, हेही सांगतो. एका आठवड्याची मजुरी घरात वेगळी ठेवा, तिला सामानासाठीही हात लावू नका.

मेकोसाबागचा रंगारी:
काल रात्री पारडीला त्या वयस्कर काकांच्या घरी जाऊन आलो. गाडीच्या हप्त्याचे पैसे होते, त्यातून पूर्ण मजुरी दिली. बाकीच्या चौघांचीही आज चुकती केली. काकांच्या बायकोनं पैसे दोनदा मोजले. मी माफी मागितली, तर ते म्हणाले, "उद्या कुठं यायचं?" नव्या घरमालकाला सकाळी फोन करून शनिवारची अट सांगितली. विचार करून कळवतो म्हणालेत.