थंडीत ऑइलची पातळी वाढतेय, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पांढरा फेस. हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) गेलं का?

चाकोरी:
एका सिलिंडरची, इंजेक्शनवाली, कूलंटने गार होणारी साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीटांची ऑफ-रोड गाडी). तापमान उणे १५ ते उणे २५. दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या होतात. डिपस्टिकवर दुधाळ फेस, पातळी वरच्या खुणेपेक्षा ५-६ मिमी जास्त, एअर बॉक्सच्या (एअर फिल्टरच्या डब्याच्या) तळाला ऑइल. कूलंट मात्र घटलेलं नाही. हेड उघडू का?

पाना_१३:
इतक्यात नको. कूलंट घटलेलं नाही म्हणजे पाणी बहुधा जळणातूनच येतंय. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे जाते. थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागात) उतरते आणि इंजिन गार असलं की तिथेच साचते. पातळी वाढते ती मुख्यतः पेट्रोलमुळे. गार इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) जादा पेट्रोल पाजतो, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळतं. डिपस्टिक नाकाशी धरा, वास येईलच.

गाडी रात्रभर उबदार शेडमध्ये ठेवा (बाहेर तळातलं पाणी गोठून राहील), ड्रेन बोल्ट सावकाश सैल करा आणि पहिली धार काचेच्या बरणीत घ्या. तळाशी साधं पाणी दिसलं तर ठीक. कूलंटचा रंग उतरला तर मात्र हेड गॅस्केट किंवा वॉटर पंपाचं सील.

फक्त जादा ऑइल काढून भागवू नका, उरलेलंही पातळच असतं. फिल्टरसकट सगळं बदला. पुस्तिकेत चालत असेल तर ०डब्ल्यू-४० (थंडीतही पातळ राहणारं ऑइल).

गॅरेजवाला:
एअर बॉक्समधलं ऑइल जास्त गंभीर आहे, आधी ब्रीदर पाइप (क्रँककेसमधली वाफ-हवा एअर बॉक्समध्ये नेणारा) बघा. त्यातली वाफ जिथे पाइप झोळ खातो तिथे गोठते. बूच बसलं की क्रँककेसमध्ये दाब वाढतो, मग डिपस्टिक उडते नाहीतर क्रँकचं ऑइल सील बाहेर येतं. तसं झालं की सगळं ऑइल काही मिनिटांत जमिनीवर.

पाइप काढून फुंकून बघा. झोळ काढा, इंजिनाकडे सलग उतार द्या, वर फोमची नळी चढवा. काही जण पाइपला भोक पाडायला सांगतात. तुमचा पाइप एअर बॉक्सला जोडलेला आहे, भोकातून धूळ थेट आत ओढली जाईल. पाडू नका.

चाकोरी:
उभ्या-उभ्या रोज अर्धा तास चालू ठेवली तर?

पाना_१३:
उलट वाईट. आयडलवर कूलंट तापतं, ऑइल तापत नाही. पाणी उडायला ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत जाऊन काही वेळ तिथे राहायला हवं. दहा मिनिटांच्या तीन फेऱ्यांऐवजी ओझं घालून अर्ध्या तासाची एकच करा.

सुरू केल्यावर रेडिएटरच्या खालच्या होजला हात लावा. वरच्याबरोबरच लगेच कोमट व्हायला लागला तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय, बदला. ठीक असेल तर रेडिएटरचा निम्मा भाग झाका. पूर्ण झाकू नका, आणि पंखा सतत फिरायला लागला तर झाकण कमी करा.

गॅरेजवाला:
ब्लॉक हीटर (इंजिन गरम करणारा विजेचा हीटर) असेल तर सुरू करण्याआधी दोन तास लावा. साचलेलं पाणी त्याने जाणार नाही, पण जादा पेट्रोल ओतणं कमी होतं. नवीन ऑइल घातल्यावर इंजिन ५ तास चाललं की पातळी पुन्हा बघा. तोवर रोजची फेरी तीस मिनिटांच्या खाली नको.