लाकडी जमिनीवर एलपी१२: कुणी चाललं की सुई उडते

तबकडीवेडा
न्यू जर्सीतलं लाकडी घर, वरचा मजला. लिन सॉन्डेक एलपी१२ हा रेकॉर्ड प्लेयर उंच रॅकवर ठेवलाय. जवळून कुणी गेलं की सुई खाचा ओलांडते. म्हणून खाली २० किलोची ग्रॅनाइटची लादी आणि तिच्याखाली सॉर्बोथेनचे (कंप शोषणाऱ्या मऊ रबरासारख्या पदार्थाचे) चार पक, म्हणजे चकत्या, घातल्या, तर आणखीच बिघडलं. आवाज वाढवला की खर्ज घुमतो तो वेगळाच. स्प्रिंगवाला प्लॅटफॉर्म घ्यावा का?

खर्ज
नको. एलपी१२ मध्ये मुळातच तीन स्प्रिंगांवर तरंगणारं सबचॅसी, म्हणजे ताटली आणि आर्म पेलणारा आतला सांगाडा, आहे. त्याची स्वतःची डोलण्याची वारंवारता साधारण ३ ते ५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३ ते ५ वेळा. माणूस सेकंदाला दोनेक पावलं टाकतो, म्हणजे २ हर्ट्झ आणि त्याची दुप्पट ४. ही ४ हर्ट्झची थरथर नेमकी स्प्रिंगांच्या तोंडात जाते. तिथे स्प्रिंग कंप अडवत नाही, उलट वाढवते.

स्प्रिंगचा फायदा तिच्या वारंवारतेच्या १.४ पटीपुढे सुरू होतो. २ हर्ट्झ अडवायचे तर ती नुसत्या वजनाने १२-१३ सेंमी दबायला हवी. असा प्लॅटफॉर्म कोण ठेवणार घरात! लादीने रॅक डोईजड झाला, मऊ पकांवर आडवा डोलायला लागला. दोन्ही काढा.

इलाज एकच, भिंतीवरची फळी.

रंधा
+१. तिकडच्या भिंतीत लाकडी स्टड, म्हणजे आतले उभे खांब, बहुधा १६ इंचांवर असतात. ब्रॅकेट दोन स्टडांमध्येच बसवा, पाव इंची, ३ इंच लांब लॅग स्क्रूने (लाकडात बसणाऱ्या जाड स्क्रूने), आधी भोक पाडून. नुसत्या ड्रायवॉलच्या (भिंतीवरच्या जिप्समच्या पत्र्याच्या) अँकरवर हे वजन टांगू नका. बाहेरची भिंत उत्तम, स्पीकरमागची टाळा. फळी १८ मिमी बर्च प्लायची, हलकी आणि ताठ. एलपी१२ ला जड बैठक मानवत नाही.

मग लेव्हल लावा आणि ताटली मधोमध हलकेच दाबून सोडा. सरळ वर-खाली झाली पाहिजे. डोलली किंवा गिरकी घेतली तर खालचे नट जुळवावे लागतील. त्याआधी टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांड्याची) केबल बघा. ताणलेली असली तर स्प्रिंगांचा दोष नसतानाही असंच होतं.

तबकडीवेडा
आणि घुमणं?

खर्ज
मोटर बंद, सुई थांबलेल्या तबकडीवर. फोनो स्टेजचं (सुईचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचं) आउटपुट लॅपटॉपवर रेकॉर्ड करा आणि स्पीकरवर दुसरीकडून गाणं लावा. रेकॉर्डिंगमध्ये ते गाणं उमटलं, तर स्पीकरचा आवाज हवेतून नाहीतर जमिनीतून सुईपर्यंत पोचतोय. झाकण काढून पुन्हा करा. वाजवताना ते ढोलकीच्या पानासारखं थरथरतं. बऱ्याचदा तेवढ्यानेच फरक पडतो.

वूफर (स्पीकरचा खर्जाचा पडदा) आवाज न होता आत-बाहेर हलत असेल, तर आर्म आणि कार्ट्रिज (सुईचा डबा) यांची मिळून वारंवारता काढा: १५९ भागिले √(दोघांचं वस्तुमान × कंप्लायन्स, म्हणजे सुईच्या बैठकीची लवचीकता). एकूण १९ ग्रॅम आणि कंप्लायन्स १२ असेल तर १०.५ हर्ट्झ, ठीक. मात्र जपानी कंपन्या कंप्लायन्स बहुधा १०० हर्ट्झला मोजून देतात. तो आकडा दीड ते दोन पट करून मगच सूत्रात घाला.