मदत हवी आहे : शेतावरच्या मित्राचा पिंग (गेमचा सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) फार जातो

मंडळी, आम्ही अंबाजोगाईचे चार शाळासोबती. एक पुण्यात, एक जालन्यात, मी संभाजीनगरला आणि चौथा केज तालुक्यात शेतीवर. जेवणं झाली की बीजीएमआयवर (मोबाइलवरचा गोळीबाराचा ऑनलाइन गेम) चौघांचा स्क्वाड जमतो; तोच आमचा पार. गोळीबार कमी, सोयाबीनच्या भावाच्या गप्पा जास्त.

पण शेतावरच्या मित्राचा पिंग रात्री २०० मिलिसेकंदांच्या वर जातो. विमानातून उडी मारली की "अरे, अडकलो रे!" एवढंच ऐकू येतं. व्हॉइस चॅट बंद केलं तर गेम जरा बरा चालतो, पण मग खेळायचं कशाला? त्याच्याजागी अनोळखी भिडू घेणं आम्हाला पटत नाही.

मित्राचा फोन ३ जीबी रॅमचा आहे. पत्र्यावर बाहेरचा अँटेना लावून फरक पडतो का? की कमी नेटवर, बोलत बोलत चौघांना खेळता येईल असा दुसरा गेम आहे? गावाकडे कुणी वापरून पाहिलं असेल तर नक्की सांगा.